प्रेशर वाढलंय, पण कुठं?

तासगाव तालुक्यात माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. ठिबकच्या फिल्टरला दोन गेज असतात, एक फिल्टरच्या अलीकडं, एक पलीकडं. अलीकडचा काटा चढलेला आणि पलीकडचा पडलेला दिसला की समजायचं, फिल्टर चोंदला. दोन्ही चढले तर पुढं कुठंतरी व्हॉल्व्ह बंद राहिलाय, नाहीतर लॅटरलमध्ये, म्हणजे ओळीतल्या बारीक नळ्यांत, क्षार बसलेत. एवढं आमच्याकडं शाळेतलं पोरगंही सांगेल. पण हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, फुफ्फुसातलं प्रेशर वाढलंय म्हटल्यावर ‘नेमकं कुठल्या जागी?’ हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मी औषधाची चिठ्ठी घेतली आणि मेडिकलकडं चालू लागलो.

2022 च्या ऑक्टोबर छाटणीपासून सांगतो. छाटणी झाली की काड्यांना पेस्ट लावायला बायका असतात. त्यांच्यात ही कायम एक ओळ पुढं. त्या वर्षी ओळीच्या टोकाला जाऊन बसायला लागली. ‘दम लागतोय’ म्हणाली तेव्हा आम्ही हसलो, चाळिशी ओलांडली म्हणून. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेनऊ. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत रक्त पावणेबारावर आलं, दम होता तिथंच.

मग तालुक्याच्या पलीकडं जाऊन छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीचा सीटी स्कॅन काढला, नळीत फुंकायला लावलं आणि दम्यावर बोट ठेवलं. आमच्याकडं इनहेलरला पंपच म्हणतात, तो पंप हातात आला. आई म्हणाली, “दमा कशानं हुईल? चुलीचा धूर काय आमाला नव्हता व्हय? हिला तर लग्नापास्नं गॅस हाय.” आईचं कोण ऐकतो! पंप ओढून हिचं तोंड कोरडं पडायचं, बाकी फरक शून्य. त्या सीटीच्या रिपोर्टात एक शब्द होता, ‘मोझाइक’. म्हणजे फुफ्फुसाचा काही भाग गडद, काही फिका, जुन्या वाड्यातल्या फरशीसारखा. बारीक श्वासनळ्या आवळल्या की असं दिसतं, त्यामुळं दम्याशी ते जुळलं. असं दिसायला आणखी एक कारण असतं, हे फार पुढं कळलं. रिपोर्ट तोवर फाइलीत तळाला गेला होता.

2023 च्या श्रावणात सोमवारी आम्ही दंडोबाच्या डोंगरावर गेलो. चढ काही फार नाही, म्हातारी माणसं जातात. अर्ध्या वाटेवर हिनं माझा हात धरला आणि धरलेल्या हातासकट खाली बसली. ओठ जांभळे. मिनीटभर शुद्ध नव्हती. उपास असेल, ऊन लागलं असेल, असं भोवतालचे म्हणत होते. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली, कारण दम्यानं माणूस खोकतो, घरघरतो, असा न बोलता मिटत नाही.

दुसऱ्याच दिवशी ईसीजी आणि टू-डी इको. हृदयाची उजवी बाजू फुगलेली. दोन्ही बाजूंमधला पडदा उजवीकडच्या जोरानं डावीकडं चेपलेला. उजव्या बाजूच्या झडपेतून रक्त मागं गळत होतं आणि त्या गळतीचा वेग सेकंदाला 4.2 मीटर. या वेगावरून प्रेशर काढतात: वेगाचा वर्ग, त्याला चारनं गुणायचं, वर उजव्या कप्प्यातलं प्रेशर अंदाजानं मिळवायचं. हिचा आकडा 80 आला. मला हे लगेच पटलं. पाइपला बारीक भोक पडलं की चिळकांडी किती जोरात उडते त्यावरून आतल्या दाबाचा अंदाज आपणही बांधतोच की. पण तो अंदाज. गेज लावून मोजणं वेगळं.

रिपोर्टच्या तळाला इंग्रजीत दोन शब्द होते: ‘सिव्हियर पीएएच’. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीतलं प्रेशर फार वाढलंय, गोळी सुरू करू. सिल्डेनाफिल, 20 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा.

या गोळीची एक वेगळीच गंमत. मेडिकलवाल्या पोरानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडं पाहिलं, परत चिठ्ठी वाचली. मागच्या बाकावर बसलेले दोघं उगाच खाकरले. व्हायग्रात असतं ते हेच औषध, हे मला तिथंच कळलं. “मंडळींना पाहिजे,” मी म्हणालो. त्यानं तर आणखी घोटाळा झाला. पुढचे तीन महिने मी सांगलीहून गोळ्या आणायचो, गावातून घेतल्या नाहीत. वास्तविक 2005 पासून हे औषध फुफ्फुसातल्या प्रेशरसाठी रीतसर दिलं जातं. तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतं म्हणून. पण बाकावरच्या मंडळींना हे सांगत कोण बसणार?

गोळीनं हिचं डोकं दुखायचं, चेहरा लाल व्हायचा. दम तसाच. दिवाळीला माझी भाची आली. ती पुण्यात नर्स आहे. फाइल चाळून म्हणाली, “मामा, मामीचा ग्रुप कुठला निघाला?”

“बी पॉझिटिव्ह,” मी म्हणालो.

“रक्ताचा नाही हो! प्रेशरचा ग्रुप. पाच असतात. कुठला ते ठरल्याशिवाय गोळी कशी चालू झाली?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो.

तिथल्या मॅडमनी फाइल आधी बाजूला ठेवली. कोऱ्या कागदावर हृदयाचे दोन कप्पे, मधे फुफ्फुसं, आणि बाण काढले. उजवीकडून रक्त फुफ्फुसात जातं, तिथून डावीकडं येतं, डावी बाजू ते अंगभर पाठवते. दंडाला पट्टा बांधून जे बीपी मोजतात ते डाव्या बाजूचं, 120 वगैरे. फुफ्फुसाकडच्या लाइनीत मात्र दाब अगदी कमी असतो. सरासरी धरली तर निरोगी माणसात पाऱ्याचे 14 मिलिमीटर, थोडं इकडं-तिकडं. तो 20 च्या वर गेला की पल्मोनरी हायपरटेन्शन. आधी ही हद्द 25 होती. 1973 मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत ठरलेली, ती 2018 च्या नीसच्या परिषदेत खाली आणली.

“आता दाब वाढला एवढं कळलं,” मॅडम म्हणाल्या, “म्हणजे ताप आहे एवढं कळलं. मलेरियाचा की टायफॉइडचा, ते अजून कळायचंय.”

मी ठिबकचं उदाहरण दिलं. त्या एकदम खुशीत आल्या आणि त्याच कागदावर माझ्या भाषेत सांगायला लागल्या. पुढची टाकी भरून पाणी मागं फुगलं, म्हणजे डाव्या बाजूची झडप अरुंद झाली किंवा डावं हृदय आखडलं, की फुफ्फुसात दाब चढतो. तो दुसरा गट, आणि जगात सगळ्यांत जास्त पेशंट त्याचेच. आपल्याकडं लहानपणच्या सांधेतापानं झडप खराब होते, ते सगळे यातच. ज्या मातीत पाइप पुरलाय तीच बिघडली, म्हणजे फुफ्फुसाचाच आजार, सीओपीडी, फुफ्फुस आक्रसणं, झोपेत श्वास अडकणं, तर तिसरा गट. पाइपात रक्ताची गाठ अडकून बसली तर चौथा. पाइपाची भिंतच आतून जाड होत गेली तर पहिला. आणि यातल्या कशातच धड न बसणारे, सिकलसेल, सार्कॉइड, डायलिसिसवरचे, ते पाचवा.

“आणि हे पीएएच,” इकोच्या रिपोर्टवर पेन आपटत त्या म्हणाल्या, “मधला ए म्हणजे आर्टेरियल. ते नाव फक्त पहिल्या गटाचं आहे. आपल्याकडं दाब वाढलेला दिसला की सर्रास हेच छापतात. पुढचा डॉक्टर ते वाचतो आणि पहिल्या गटाची गोळी सुरू करतो.”

मी विचारलं, चुकीच्या गटाला गोळी दिली तर काय होतं? फार तर गुण येणार नाही ना? त्या म्हणाल्या, दुसऱ्या गटातल्याला दिली तर नळ मोकळा होतो, टाकी तशीच भरलेली, पाणी फुफ्फुसात साठू शकतं. मी हिच्याकडं पाहिलं. तीन महिने आम्ही दिवसाला तीन गोळ्या मोजून घेतल्या होत्या.

मग प्रश्न सुरू झाले. तासभर. एवढे प्रश्न मला मुलगी बघायला गेलो तेव्हाही विचारले नव्हते. लहानपणी हृदयाला छिद्र सांगितलं होतं का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? बीएमपीआर-2 नावाच्या जनुकातला दोष घराण्यातून उतरतो म्हणून हा प्रश्न. थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का, कातडी ताठरते का? कावीळ? घोरणं? वजन कमी करायची औषधं?

यावर ही हसली. तिचं वजन 52. पण मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, सगळी वर्गवारी मुळात एका बारीक व्हायच्या गोळीनं सुरू झाली. साठच्या दशकात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनीत अॅमिनोरेक्स नावाची गोळी विकली जायची. ती घेणाऱ्यांमध्ये हा आजार एकाएकी वाढला. 1973 ची जिनिव्हाची बैठक त्यातूनच भरली. तेव्हा दोनच खाने होते: कारण माहीत नाही ते प्रायमरी, माहीत आहे ते सेकंडरी. पाच गटांची मांडणी 1998 मध्ये फ्रान्सात एव्हियांला झाली. बाटलीबंद पाण्यासाठी नावाजलेलं गाव, असं भाचीनं नंतर सांगितलं. म्हटलं, पाण्याच्याच गावात पाइपांचा हिशेब लागला म्हणायचा.

एचआयव्हीची तपासणी करायची म्हणाल्या तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो. “ताई, सगळ्यांचीच करतो,” त्या म्हणाल्या. “पहिल्या गटात हेही एक कारण आहे. मी वगळलं तर माझी चूक.” हिनं सही केली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “अहो, तुमचीबी करून घ्या की एकदाची.” मी काही बोललो नाही. केली.

त्या ओपीडीच्या बाकावर पुढं अनेक तास गेले. शेजारी सोलापूरकडची एक मुलगी बसायची, एकोणीस-वीस वर्षांची, नखं निळी, बोटांची टोकं गोल फुगलेली. जन्मतः हृदयात छिद्र. गरिबीत राहून गेलं. आधी डावीकडचं रक्त उजवीकडं घुसत राहिलं, जास्तीच्या लोंढ्यानं फुफ्फुसातल्या वाहिन्या जाड झाल्या, दाब इतका चढला की आता प्रवाह उलटा फिरलाय. तिचे वडील विचारत होते, छिद्र बुजवता येईल का. येत नाही. या टप्प्याला ते छिद्रच उजव्या हृदयाची सुटका असते, बुजवलं तर हृदय थकून बंद पडेल. हे त्यांना समजावताना मॅडमचा आवाज बारीक झाला होता. तीच मुलगी पाच-सहा वर्षांची असताना कुणी स्टेथोस्कोप नीट लावला असता तर! तिलाही पहिलाच गट. आणि दुसऱ्या बाजूला पाटणकडच्या एक आजी असायच्या, नळकांडं घेऊन. आयुष्यभर चुलीपुढं बसून फुफ्फुस गेलेलं. त्यांना तिसरा गट, गोळी नाही, ऑक्सिजन. दोघींच्या रिपोर्टवर दाबाचा आकडा जवळपास सारखा होता.

सगळ्यांत शेवटी, आम्ही उठता उठता, मॅडमनी विचारलं, “पायाला कधी प्लास्टर होतं?”

मार्च 2022. बेदाण्याच्या रॅकवर जाळी ओढताना ही खाली पडली होती. डाव्या पायाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मोडलं, जुळलं, आम्ही विसरून गेलो.

“त्या काळात छातीत काही दुखलं?”

ही जरा थांबून म्हणाली, “उसण भरली होती. पाठीत, उजवीकडं. दोन दिवस. श्वास घेतला की कळ यायची.” सासूनं तेल लावून चोळलं होतं, तेही सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पाय हलत नाही, रक्त पोटरीत गोठतं, गाठीचा तुकडा सुटतो, वर चढतो, उजव्या हृदयातून जाऊन फुफ्फुसाच्या फांदीत अडकतो. बहुतेकांत तो विरघळून जातो. थोड्यांच्या शरीरात विरघळत नाही, तिथंच सुकतो, वाहिनीच्या भिंतीला चिकटून भिंतच होऊन बसतो. मग जितक्या फांद्या बंद, तितका दाब उरलेल्यांवर. आणि चौथ्या गटातल्या बऱ्याच जणांना गाठ कधी आली तेच आठवत नसतं, म्हणून सगळ्यांचा एक स्कॅन करायचा असतो, तो हिचा कुणी केलाच नव्हता. फाइलीच्या तळातला सीटी त्यांनी खिडकीशी धरला. त्या मोझाइकचं दुसरं कारण हेच: जिथं रक्त पोचत नाही तो भाग गडद.

तो स्कॅन म्हणजे व्हीक्यू. सीटीसारखा महागडा दिसत नाही, मोठ्या तबकड्यांचं जुनाट यंत्र. थोडासा किरणोत्सर्गी वायू श्वासातून देतात, हवा कुठंकुठं पोचते ते बघतात. मग शिरेतून बारीक कण सोडतात आणि रक्त कुठंकुठं पोचतं ते बघतात. दोन चित्रं शेजारी ठेवायची. हिचं हवेचं चित्र पूर्ण भरलेलं, दोन फुफ्फुसं साफ. रक्ताच्या चित्रात उजवीकडं खाली त्रिकोणी तुकडे गायब, डावीकडं एक. वाळवीनं खाल्लेल्या पानासारखं. तंत्रज्ञ पोरगा काही बोलायचा नव्हता, पण मला कुणी सांगायची गरज नव्हती. व्हॉल्व्ह उघडा, मोटर चालू, आणि चार ओळींना पाणीच नाही. अशी बाग मी पाहिली आहे.

हा स्कॅन पूर्ण स्वच्छ आला असता तर चौथा गट जवळपास बादच झाला असता, इतका तो भरवशाचा आहे. मला सगळ्यांत राग आला तो याचा. एवढी साधी तपासणी, आणि सव्वा वर्षात तिचं नावही कुणी घेतलं नाही. यंत्रं मोठ्या शहरांतच आहेत हे खरं. पण पुण्याला जा म्हणायला यंत्र लागत नाही.

रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं, वॉरफरिन. तीन महिने ते पुरेसं घेतल्याशिवाय चौथ्या गटाचा शिक्का मारत नाहीत. ताजी गाठ असेल तर तेवढ्यात विरघळेल, उरेल ती जुनी. हे तीन महिने नेमके हंगामाचे. जानेवारीत माल तयार, व्यापारी बांधावर, आणि मी दर आठवड्याला हिचं आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, तपासायला सांगलीला. दोन ते तीनच्या मधे राहिलं पाहिजे. मेथी, पालक एक दिवस भरपूर आणि चार दिवस काहीच नाही, असं केलं की आकडा हलायचा. भाजी रोज सारखी खायची, हे हिच्या गळी उतरवणं वॉरफरिनपेक्षा अवघड गेलं. त्या वर्षी निम्मा माल बेदाण्याला गेला, भाव बघायला सवड नव्हती.

मार्चमध्ये खरं गेज लागलं. उजव्या हृदयाची कॅथेटर तपासणी. आमच्या भाषेत अँजिओग्राफी म्हणजे सगळं एकच, पण ही वेगळी. मानेतल्या शिरेतून नळी उतरवतात, उजव्या कप्प्यांतून फुफ्फुसाच्या वाहिनीत नेतात आणि प्रत्येक टप्प्यावर दाब मोजतात. पेशंट जागा असतो. असली नळी पहिल्यांदा 1929 मध्ये वेर्नर फोर्समान नावाच्या जर्मन डॉक्टरनं स्वतःच्याच दंडातून हृदयात घातली आणि तसाच एक्स-रे काढायला चालत गेला. सत्तावीस वर्षांनी, 1956 मध्ये, नोबेल मिळालं त्याला. हे मी बाहेर बसून मोबाइलवर वाचत होतो आणि आत माझी बायको होती.

नळीच्या टोकाला बारका फुगा असतो. टोक फुफ्फुसाच्या एका फांदीत शिरलं की तो फुगवतात, फांदी बंद होते. मागचा दाब येत नाही, मग टोकाला जो दाब लागतो तो पुढचा, म्हणजे डाव्या हृदयाकडचा. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस शेतकऱ्याच्या घरचा असणार. फिल्टरच्या अलीकडं एक गेज, पलीकडं एक. अलीकडं सरासरी 48. पलीकडं 10. पंधराच्या वर गेला असता तर दोष डाव्या बाजूचा ठरला असता. तो दहाच होता, म्हणजे पुढची टाकी मोकळी. अडचण मधल्या पाइपातच. हृदय मिनिटाला 3.6 लिटर रक्त ढकलत होतं. दोन गेजमधला फरक 38, भागिले 3.6, म्हणजे साडेदहा. या अडथळ्याचं माप वुड युनिट. ते 2 च्या आत असावं लागतं. हिचं साडेदहा. लगेच डाय सोडून फोटो काढले. फांद्या कुठं अचानक तुटलेल्या, कुठं आत जाळ्या, कुठं कमरेत आवळल्यासारख्या.

चौथा गट. मॅडमनी लिहिलं ते लांबलचक इंग्रजी नाव मी पाठ केलं, आता विसरलो.

आणि मग त्या जे बोलल्या त्यानं मी खुर्चीत सरळ बसलो. पाचांपैकी हा एक गट असा आहे की ज्यात ऑपरेशन करून प्रेशर मुळातून उतरवता येतं. सगळ्यांचं होत नाही; जाळ्या फार खोल बारीक फांद्यांत असतील तर फुग्यानं रुंद करतात किंवा वेगळी गोळी देतात. हिच्या जाळ्या हात पोचेल इतक्या वर होत्या.

ऑपरेशन दुसऱ्या राज्यात झालं, मे 2024 मध्ये. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण मी बाहेर होतो आणि मला काहीच दिसलं नाही, फक्त घड्याळ. छाती मधोमध उघडतात. हार्ट-लंग मशिनवर घेऊन अंग 20 अंशांपर्यंत थंड करतात, मग मशिनही थांबवतात, कारण रक्त वाहत असताना त्या फांद्यांत काही दिसत नाही. एका वेळी वीस मिनिटं, फार तर. तेवढ्यात सर्जन वाहिनीचं आतलं अस्तर गाठीसकट सोलून ओढतो. मग पुन्हा रक्त सुरू, मग दुसरी बाजू. सही करताना ‘रक्ताभिसरण थांबवले जाईल’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिथला मराठी बोलणारा एक वॉर्डबॉय म्हणाला, “दादा, मोटर बंद केल्याबिगर पाइप खोलता येतंय का?” हा कुठला, तर जतचा. मी सही केली.

संध्याकाळी सर्जननी मोबाइलवर फोटो दाखवला. मी लालभडक गाठी बघायच्या तयारीत होतो. हिरव्या कपड्यावर पांढुरकं, पिवळसर काहीतरी मांडलेलं, जाड बुंधा, त्याला फांद्या, फांद्यांना केसासारखी टोकं. जुना वेल उपटला की मुळ्यांचा जो झुपका हातात येतो, तसा. सव्वादोन वर्षं हा झुपका हिच्या छातीत होता आणि आम्ही त्याला पंप देत होतो.

सात दिवस आयसीयू. फुफ्फुसाचा जो भाग दोन वर्षं उपाशी होता त्यात एकदम रक्त शिरलं की सूज येते, त्यामुळं पहिले तीन दिवस व्हेंटिलेटर निघेना. चौथ्या दिवशी निघाला. पहिलं वाक्य काय, तर “मोटरीचं बिल भरलं का?” डिस्चार्जच्या आधी मोजलेला सरासरी दाब 24. कागदावर अजून वीसच्या वरच. पण 48 चा 24 झालेला मी स्वतः पाहिला, आणि सहा मिनिटांत चालायच्या परीक्षेत पूर्वी 290 मीटरवर थांबणारी ही तीन महिन्यांनी 430 चालली. सिल्डेनाफिल बंद. वॉरफरिन मात्र जन्मभर. दात काढायचा असला तरी आधी सांगायचं.

उरलेल्या पाच स्ट्रिपा घेऊन मी गावातल्या मेडिकलला गेलो, परत घेतोस का म्हणून. पोरगा म्हणाला, “काका, उघडा बॉक्स घेता येत नाही.” मग आवाज उतरवून, “का? गुण नाही आला?” आता त्याला गटवारी कुठून सांगायची. म्हटलं, आला की, म्हणून तर.

2024 च्या नोव्हेंबरात पेस्ट लावून झाली. ही टोकाला बसत नव्हती, पण पुढंही नव्हती. बायकांच्या मधोमध होती. त्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं म्हणून जवळच्या सेंटरवर इको केला. पुण्याला प्रत्येक वेळी जाणं परवडत नाही. उजवी बाजू बरीचशी मूळ मापावर आलेली, पडदा सरळ. तळाला मात्र छापलेलं होतंच, ‘माइल्ड पीएएच’. ही सहावीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं तेवढी ओळखते. तिनं माझ्या खिशातलं पेन काढलं, रिपोर्ट मांडीवर घेतला, आणि मधला ए दोनदा आडवी रेघ मारून खोडला.